सातवी गाठ

विंझरच्या गेणू सुतारानं उभा जन्म लाकडाच्या गाठी भिंतीकडं वळवून लपवल्या. पानशेतच्या बंगल्यातल्या लेलेबाईंना मात्र झोपाळ्याला गाठीचीच फळी हवी होती. "दिसू देत गाठी, मामा. त्याच तर छान दिसतात," त्या म्हणाल्या.

गेणूनं त्यांच्याच आवारात पडलेल्या फणसाची फळी काढली आणि बोटानं ठोकून एकेक गाठ ऐकली. जिती गाठ घट्ट बोलते, मेलेली पोकळ. सहा जित्या निघाल्या. सातवी मेलेली, तीही नेमकी कडीच्या भोकाला लागून. एवढी रुंद दुसरी फळी नव्हती. मग त्यानं सरसात भुसा कालवून ती भरली आणि वरून असा रंधा मारला, की ती कुणाच्या बापाला दिसू नये.

रविवारी त्यानं झोपाळा टांगला. बाईंची नातवंडं धावत येऊन चढली. कडी कुरकुरली. पितळच कुरकुरत असंल, त्यानं मनाला समजावलं. पोरांनी झोका वाढवला. आता कुरकुर लाकडातून आली. खाली शहाबादी फरशी होती.

"सकाळीच मोजल्या मी," बाई कौतुकानं म्हणाल्या. "सहा नातवंडं, सहा गाठी! मुद्दाम जुळवल्यात ना, मामा?"

गेणूनं पुढं होऊन दोन्ही हातांनी झोपाळा धरला.

"पोरास्नी उतरवा, ताई," तो म्हणाला. "गाठी सात हायत."