विमानतळावर जावयाची ओळखपरेड

रायपूरच्या विमानतळाच्या दारात आईनं माझ्या हातात ठेठरी-खुरमीचा डबा दिला (ठेठरी बेसनाची खारी, खुरमी गुळाची गोड, इकडे घराघरांत तळतात) आणि विचारलं, “अन् तिथं तुले कोण ओळखते?”

मी हसलो. माझं सगळं आयुष्यच ओळखीवर चाललेलं. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून या शहरात प्रत्येकाची कुणाशी ना कुणाशी ओळख आहे, आणि मी तर सरकारी कार्यालयात कक्ष अधिकारी. लोकांच्या अर्जाला कोणता कागद कमी आहे हे सांगणं माझं काम, आणि ते मी मन लावून करतो. शिवाय मी मॉरिशसला पर्यटक म्हणून जात नव्हतो. मी त्या देशाचा जावई होतो.

माझी बायको शालिनी मॉरिशसची नागरिक. तिचे पूर्वज कोकणातून तिथल्या उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. ती आमच्या जवळच्या खैरागडच्या संगीत विद्यापीठात गाणं शिकायला आली होती. रायपूरच्या समता कॉलनीत आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत ती आरती म्हणायला उभी राहिली, तेव्हा माइकची व्यवस्था माझ्याकडे होती. स्टँड मोडला म्हणून मी तो हातात धरून उभा राहिलो आणि प्रकरण लग्नापर्यंत गेलं. तिची आई लग्नाला रायपूरला आली, वडील आले नाहीत. पोरीला गाणं शिकायला पाठवलं होतं, कायमचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानंतर ते फोनवरही फक्त तिच्याशी बोलत. आता पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी गेली होती आणि दिवस भरत आले तसा मीही निघालो.

आमच्या पाऱ्यातल्या (पारा म्हणजे मोहल्ला) तिकीटवाल्यानं परतीचंही तिकीट काढून ठेवा म्हणून बजावलं होतं. मी त्याला समजावलं, की बाळ कधी येणार हे बाळ ठरवणार, मग परतीची तारीख मी कुठून आणू? आणि जावयाला विचारतो कोण? तो “हव, भैया” (हव म्हणजे हो) म्हणाला आणि फक्त जाण्याचं तिकीट दिलं. मुंबईच्या काउंटरवरही तोच प्रश्न आला. तिथं लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून सुटलो, आणि माझी छाती आणखी फुगली.

विमान खाली उतरताना समुद्र दिसला. किनाऱ्याजवळ फिकट हिरवा, लांब एक पांढरी फेसाची रेघ, आणि तिच्यापलीकडे एकदम गर्द निळा. जमिनीवर सगळीकडे ऊस आणि उसात मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग. आपलं सासर इतकं देखणं आहे याचा मला उगाचच अभिमान वाटला, जणू ते मीच बांधलं होतं.

तपासणीच्या हॉलमध्ये दोन रांगा होत्या, एक त्या देशाच्या नागरिकांची आणि एक बाकी जगाची. मी पहिलीत उभा राहिलो. एका शिपायानं माझ्या पासपोर्टचं मुखपृष्ठ पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे मला बाकी जगात नेऊन सोडलं.

काउंटरवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. येण्याचं कारण त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजीतच, ठासून, “डिलिव्हरी” असं म्हणालो. त्यांनी माझ्यामागे वाकून बघितलं आणि माल कुठे आहे ते विचारलं. मग मी दोन्ही हातांनी पोट दाखवलं, त्यावर त्यांनी मला बरं नाही का, अशी चौकशी केली. उतरण्याचा पत्ता मी ‘व्हॅकोअस’ असा वाचला. असं गाव आमच्या देशात नाही, त्या म्हणाल्या. (ते ‘वाकोआ’ निघालं. फ्रेंच वळणाच्या नावातली शेवटची अक्षरं शोभेपुरती असतात, हे मला मागाहून कळलं.) परतीचं तिकीट नव्हतंच. मी लग्नाचं प्रमाणपत्र काढलं. बाईंनी ते नीट वाचलं आणि सांगितलं, की कागद चांगला आहे पण पुरेसा नाही.

हे वाक्य मी रोज दहा माणसांना ऐकवतो. ते पलीकडून असं ऐकू येत असेल याची मला कल्पना नव्हती.

मला बाजूच्या एका खोलीत बसवण्यात आलं. माझ्या मोबाइलला तिथलं नेटवर्क मिळेना. बाईंनी त्यांच्या फोनवरून शालिनीचा नंबर लावला, तो बंद. ती इस्पितळात भरती झाली होती हे सकाळीच कळलं होतं, पण पुढचं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी मुंबईला परतणारं विमान आहे, असं कुणीतरी दारात म्हणालं. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. पहिल्यांदाच मला भीती वाटली, की मी इथवर येऊन, तिच्यापासून तासाभराच्या अंतरावरून, परत जाणार.

तुम्हाला न्यायला बाहेर कुणी आलंय का, असं बाईंनी विचारलं. शालिनी एवढंच म्हणाली होती की कुणीतरी येईल. बाहेर माझ्या नावाची घोषणा झाली. थोड्या वेळानं दार उघडलं आणि एक उंच, वाळके गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, हातात काढून घेतलेली टोपी. नाक शालिनीचं. म्हणजे हे माझे सासरे, आणि आमची पहिली भेट पोलिसी खोलीत.

मी वाकून नमस्कार केला. डबा उलटला. ठेठऱ्या परदेशी फरशीवर पसरल्या.

बाईंनी त्यांना क्रिओलमध्ये (तिथली बोली) काही विचारलं. मला शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला: या माणसाला ओळखता का? सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी फरशीवर गुडघे टेकून फराळ गोळा करत होतो, तसाच थांबलो. ते ‘नाही’ म्हणाले असते तरी खोटं ठरलं नसतं.

मग ते माझ्याशी मराठीत बोलले. गावच्या बैठकेत (देऊळ आणि शाळा एकत्र असलेली जागा) लहानपणी शिकलेली, पुस्तकासारखी स्वच्छ मराठी.

“शालिनी रुसते तेव्हा काय करते?”

मी पाठ करून आलेली सगळी सभ्य मराठी विसरलो. “काही नाही करत जी,” मी म्हणालो. “गाणं बंद करते. दिवसभर गुणगुणत राहते ना, ते एकदम बंद. मग मले घरात करमत नाही. मीच माफी मागतो, काहून रुसली ते माहीत नसलं तरी.”

माझं ‘मले’ आणि ‘काहून’ त्यांना कितपत कळलं, देव जाणे. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि बाईंना एकच वाक्य सांगितलं. बाई हसल्या. ते काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी माझी जबाबदारी घेतल्याची सही केली. बाईंनी मला शिक्क्याआधी परतीचं तिकीट काढायला लावलं. तारीख कोणती, असं मी सासऱ्यांनाच विचारलं.

“बारशानंतरची काढा,” ते म्हणाले. “पण फक्त आपलं. तिचं नंतर पाहू.” (आपलं म्हणजे माझं; ते मला ‘आपण’ म्हणत.)

मोटारीत मीच बोलत होतो: ऊस, डोंगर, आमच्यासारखीच डावीकडून चालणारी वाहतूक. वाटेत एका गाडीवर त्यांनी मला धोल पुरी खाऊ घातली. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, वर वालाच्या जातीच्या दाण्यांची आमटी आणि टोमॅटोची चटणी. साखर विसरलेली पुरणपोळी आहे, असं मी मत दिलं. त्यांनी अजून एक मागवून माझं तोंड बंद केलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. वाकोआला बारीक पाऊस होता. तिला पहिल्यांदा मी घ्यावं की त्यांनी, हे दोघांनाही कळेना. परिचारिकेनं ती त्यांच्या हातात दिली.

बारसं झालं, परतीची तारीख आली आणि मी ती पुढे ढकलली. रजा वाढवण्यासाठी मी स्वतःच्याच कार्यालयाला अर्ज केला. त्यात एक कागद कमी असल्याचं उत्तर आलं. सासऱ्यांना वाटत होतं, शालिनीनं वर्षभर तरी राहावं. तिनं त्यांना काय सांगितलं मी ऐकलं नाही, स्वयंपाकघरात दोघंच होते. सासरे बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. बाळाचा पासपोर्ट आणि आमच्या देशाचा व्हिसा यांसाठी सगळीकडे तेच घेऊन गेले. निघताना विमानतळावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तिला गायला वेळ मिळेल असं बघ,” ते म्हणाले. ‘आपण’ गेलं होतं.

मुंबईला उतरलो. शालिनी आणि मुलगी परदेशी लोकांच्या रांगेकडे निघाल्या, मीही त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. बाळाची बॅग माझ्याकडे होती आणि दोघींना सोडवत नव्हतं. आमचा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट बघून विचारलं, इथं काय करताय? मी यांच्यासोबतचा, असं मी सांगितलं. मुलगी तेवढ्यात अशी रडली की त्यानं दोघींना झटपट शिक्के मारून पुढं सोडलं आणि मला भारतीयांच्या रांगेच्या शेवटाला धाडलं. ती रांग हॉलच्या दारापर्यंत गेली होती. काचेतून मला दिसत होतं, माझी परदेशी बायको आणि परदेशी मुलगी भारतात बाकड्यावर आरामात बसल्या होत्या आणि मी अजून बाहेर होतो.

रायपूरला आईनं नात घेतली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारी अजून येतात, मॉरिशस कसं आहे विचारतात. मी समुद्राबद्दल सांगायला लागतो, पण तो मी नीट असा दोनदाच पाहिला. मग त्या खोलीचंच सांगतो. तिथं मला न ओळखणाऱ्या एका माणसानं मी पळून जाणार नाही, असं लिहून दिलं. या दिवाळीला त्यांना इकडे बोलवायचं चाललंय. व्हिसाचं मी बघतो, असं मी म्हणालो, तर शालिनी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.