तीस किलोंची अट

परदेशातल्या आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये ओले कपडे लांब बांबूला अडकवायचे आणि तो बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढून भिंतीतल्या नळीत खोचायचा, अशी सोय होती. अकराव्या मजल्यावर. तिथे राहिलो त्या सात वर्षांत हे काम मी एकदाही केलं नाही. कधी कंबर धरलेली असायची, कधी ऑफिसचा कॉल असायचा. खरं कारण एवढंच, की त्या खिडकीतून खाली पाहिलं की माझ्या तळपायांना मुंग्या येतात. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. उलट कॉलेजात असताना दोरावरून दरी कशी ओलांडली, ही गोष्ट मुलीला इतक्यांदा ऐकवली होती की मलाच ती खरी वाटायला लागली होती. दरी ओलांडली होती बाकीच्यांनी. मी अलीकडे बसून त्यांच्या सॅका सांभाळल्या होत्या.

मुलगी आठ वर्षांची असताना ऑफिसातल्या एकाने मला शेजारच्या इंडोनेशियन बेटावरचे फोटो दाखवले. फेरीबोटीने जेमतेम तासाभरावर ते बेट. दाट जंगलातून क्वाड बाईक चालवायची, म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल, आणि मग झिपलाइन. झाडांच्या शेंड्यांवरून बांधलेल्या तारेला लटकायचं आणि घसरत पलीकडे जायचं. जेवताना ते फोटो मी घरी दाखवले आणि फुशारकीच्या भरात बोलून बसलो, "जूनच्या सुट्टीत आपण दोघं जाऊ. शेजारी शेजारी दोन तारा असतात, एकदमच सुटायचं."

मुलीने फोटो पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या मराठीत शाळेतलं तिकडचं इंग्रजी मिसळलेलं असायचं, वाक्याच्या शेवटी उगाच 'लाह' नाहीतर 'वन' जोडलेलं. "होल डे, बाबा? नो कॉल?"

"नो कॉल."

"प्रॉमिस?"

माझ्या प्रॉमिसांचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. प्राणिसंग्रहालयात मी फोन कानाला लावून जिराफासमोर तासभर उभा होतो, आणि तिच्या शाळेच्या शर्यतीला पोहोचलो तेव्हा मैदान झाडून झालं होतं. बायको मान वर न करता म्हणाली, "या वेळी शब्द फिरवलास, तर ती तुला पुन्हा कधी काही मागणार नाही. बघ."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. म्हणून मी बुकिंग केलं. करताना खाली बारीक अक्षरात एक अट दिसली: झिपलाइनसाठी वजन कमीत कमी तीस किलो हवं. आमची पोर साडेअठ्ठावीस. मला जो काही आनंद झाला तो सांगता येत नाही. मी लांब चेहरा करून ही बातमी घरात दिली.

पण या पोरीने हाय खाल्ली नाही, जेवण खाल्लं. एरवी एक घास गालात धरून अर्धा तास बसणारी मुलगी दुसऱ्या दिवशी ताट पुढे करून म्हणाली, "आई, मोअर तूप." बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. पुढचे दोन महिने आमच्या घरात सणच होता. सकाळी कणकेचा शिरा, दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये नूडल्स, संध्याकाळी तूपभात, रविवारी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, एकावर एक दोन पराठे. हे सगळं बघून मी हबकलो. ही गाडी तीसवर पोहोचणार, हे उघड दिसत होतं.

आणि मग मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. बाथरूममधल्या वजनकाट्याला बाजूला एक चाक असतं, काटा शून्यावर आणायचं. निघायच्या महिनाभर आधी एका सकाळी मी ते फिरवलं आणि काटा दीड किलो मागे नेऊन ठेवला. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? त्यानंतर ती कितीदाही काट्यावर चढली तरी तीस काही दिसेना. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, तो साडेएकोणतीस दाखवत होता. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "जाऊ दे गं, क्वाड बाईक तर आहेच." बायको म्हणाली, "कपडे-बूट धरून होतील की तीस." त्या संध्याकाळी पोरीने तूपभात तिसऱ्यांदा वाढून घेतला.

शनिवारी फेरीतून उतरून त्या जागी पोहोचलो, तर काउंटरवरच्या बाईंनी आधी वजनच घेतलं. "थर्टी वन पॉइंट फाइव्ह," त्या हसून म्हणाल्या. "कॅन." म्हणजे, चालेल.

माझा डाव माझ्याच अंगलट आला होता. काटा खरं बोलत असता तर ही पोर तीसवर थांबली असती. मी त्याला खोटं बोलायला लावलं, म्हणून ती खातच राहिली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी हेल्मेटचा आकार बघायला लागलो.

क्वाड बाईकने मात्र सगळं विसरायला लावलं. मुलगी माझ्या मागे, कमरेला घट्ट मिठी मारून, आणि बायको स्वतंत्र गाडीवर. पायांखाली जमीन असली की मी शूर असतो. तांबड्या चिखलाची वाट, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची नेची, वर आभाळ दिसू नये इतकी झाडं, आणि इंजिनाच्या आवाजावर कुरघोडी करणारे रातकिडे, तेही भर सकाळी. एका डबक्यातून मी ऐटीत गाडी घातली आणि आम्ही दोघं नखशिखांत माखलो. पोर इतकी हसली की तिला उचकी लागली. तेवढ्यात बायको आम्हाला मागे टाकून गेली आणि वळून तिने चक्क जीभ दाखवली. लग्नानंतर दहा वर्षांत मी तिची जीभ अशी पाहिली नव्हती. मी फार सुखात होतो.

वाट संपली तिथे मनोरा उभा होता.

बायको खाली फोटो काढायला थांबली. आम्ही दोघं लाकडी जिना चढलो. मुलगी पुढे, मी कठडा धरून मागे. वर पोचल्यावर तिथल्या माणसाने आमचे पट्टे आवळले, कड्या तारेला अडकवल्या. समोर फळी संपत होती आणि खाली झाडांचे शेंडे हलत होते.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. "खूप वाटते. आणि घरचा काटाही मीच मागे केला होता."

तिचे ओठ थोडे थरथरत होते. मला वाटलं, संपलं, आता रडणार. पण ती हळूच म्हणाली, "मग तू नको येऊ, बाबा. इट्स ओके वन."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढ्या समजूतदारपणे मला सोडून दिलं, की माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "प्रॉमिस आहे ना. आलोच." त्या माणसाने तीन आकडे मोजले आणि आम्ही दोघं सुटलो.

मी ओरडलो. सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा "आई गं" म्हणून ओरडलो, आणि अर्ध्यावर कधीतरी त्या ओरडण्याचं हसू झालं. वारा तोंडात शिरत होता, खालून हिरवा रंग नुसता वाहत होता. हे सगळं मी चाळीस वर्षं का टाळलं, असंही मनात येऊन गेलं. पलीकडच्या फळीवर उतरलो तरी हसू थांबत नव्हतं.

"मजा आली?" मी विचारलं.

"डोन्ट नो. डोळे बंद होते."

"का?"

"भीती वाटली ना. फर्स्ट डेपासून वाटत होती."

"मग दोन महिने एवढं तूप खाल्लंस कशाला?"

ती जणू मलाच काही कळत नाही अशा सुरात म्हणाली, "तू होल डे येणार होतास ना. नाही गेलो तर तू परत कॉलवर जाणार."

मी तिथेच फळीवर बसलो. लाज वाटली, रडू आलं, आणि या सगळ्यावर, माझ्यासाठी कोणी एकतीस किलो झालंय याचा प्रचंड आनंद झाला.

"म्हणजे आपण दुसरीकडे कुठे गेलो असतो तरी चाललं असतं?"

"एनीवेअर, लाह. आपला बीच पण."

आपला बीच म्हणजे पासिर रिसचा, घरापासून चालत दहा मिनिटं. पुढच्या शनिवारी फोन घरी ठेवून आम्ही तिथे गेलो. तिने वाळूत एक मोठा खड्डा खणायला घेतला. मी थोडा वेळ बघितलं आणि मग दुसऱ्या बाजूने खणायला बसलो.