प्रज्ञाच्या मोबाइलमधला दादा

फोन प्रज्ञाचा होता. माझ्या फोटोवर बोट ठेवलं की मला फोन लागतो, हे तिला दादानेच शिकवलेलं. “आत्या, बाबा उठत नाही,” ती म्हणाली. मी यवतमाळहून घाटंजीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... त्याला आता महिना होईल.

वसंतदादा, माझा थोरला भाऊ, लग्नांचे फोटो काढायचा. त्याची एकुलती मुलगी प्रज्ञा डाउन सिंड्रोम असलेली. सोळाव्या वर्षी ती यवतमाळजवळच्या एका कार्यशाळेत शिवण शिकायला जाऊ लागली. तिने एसटीने एकटीने जायचं, हा दादाचा हट्ट. वहिनीचा जीव टांगणीला लागायचा. “आपल्या मांगं तिले कोन उतरवून देईन?” यापलीकडे दादा वाद घालायचा नाही. वाटेवरच्या खुणांचे फोटो त्याने तिच्या मोबाइलमध्ये ओळीने लावले. खूण दिसली की तिने फोटो दाबायचा, मग पुढचं त्याचा आवाज सांगायचा.

पण दादा पडला फोटोग्राफर! उतरायच्या फाट्यासाठी त्याने निवडला जिनिंग कारखान्यासमोरचा कापसाचा पांढराशुभ्र ढीग. फोटो देखणा आला होता खरा. हंगाम संपला, ढीग उठला, आणि एका सकाळी कार्यशाळेतून निरोप आला की पोरगी पोचलीच नाही. फोन केला तर ती एकच सांगायची, “ढीग नाही आला अजून.” गाडी पुढे अमरावतीला जाणारी. दादाने मोटारसायकल काढली, मी यवतमाळच्या स्टँडवर धावले. एकेका गाडीत डोकावत गेले. सुटायच्या बेतातल्या एका गाडीत ती खिडकीशी बसली होती, मांडीवर तोच फोटो उघडा ठेवून. दादा आला तो घामाने निथळत. त्याने तिचा हात धरला. मग मला म्हणाला, “तिचं नाही चुकलं. माह्यं चुकलं.” दुसऱ्याच दिवशी त्याने फाट्यावरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो लावला आणि तिला पुन्हा एकटीला गाडीत बसवलं. मला तर त्याचा संतापच आला होता.

तो गेल्यावर वहिनीने मोबाइल कपाटात ठेवून दिला. तिला तो आवाज ऐकवेना, आणि पोरीला बाहेर सोडायची छातीही होईना. प्रज्ञा पिशवी घेऊन दारात बसायची, जेवायची नाही. शेवटी मागच्या आठवड्यात मीच कपाटातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला आणि तिला घेऊन गाडीत बसले... टाकी दिसली. तिने फोटो दाबला.

“उतर बेटा, घाबरू नको,” दादा म्हणाला.

भरल्या गाडीत मला रडू आवरेना. मी उठायला लागले, तर प्रज्ञाने खांदा दाबून मला खाली बसवलं.

“हो बाबा,” ती मोबाइलला म्हणाली आणि उतरली.