पुसला गेलेला रिजेक्ट

माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने दोन टोमॅटो जास्त घातले, तरी मी पिशवी उलटून खालचे बघते. म्हणून चाकणच्या त्या कारखान्यातून फोन आला, की रिजेक्ट झालेले पार्ट ओके होऊन पुढे जातायत, तेव्हा प्रोग्रॅम उघडायच्या आधी मी माणसावर नजर ठेवली.

प्रोग्रॅम माझाच होता. बोल्ट किती घट्ट बसलाय ते मशिन मोजायचं आणि प्रत्येक पार्टचा एक ऑब्जेक्ट तयार व्हायचा. त्यात पार्टचा नंबर, मोजमाप, रिजेक्ट आहे की नाही, सगळं; रिजेक्ट असला की पडद्यावर लाल खूण दिसायची. शिफ्ट बदलताना मशिन बंद करून पुन्हा चालू करायची तिथली पद्धत. त्यामुळे बंद होताना सगळे ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायचे आणि पुढच्या शिफ्टला जसेच्या तसे परत आणायचे, अशी सोय मी केली होती.

दुपारच्या शिफ्टला मशिनवर मोशीचे एक काका होते, कंत्राटावर. घोळ नेमका त्यांच्याच शिफ्टला व्हायचा. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, टार्गेट गाठायला हाच लाल पुसतोय. तुम्ही फक्त लिहून द्या, याला काढतो."

तीन दिवस मी काकांच्या मागे उभी राहिले. ते पार्ट उचलायचे, ठेवायचे, मध्येच फडक्याला हात पुसायचे. हात पुसले तरी मला वाटायचं, इथंच पाणी मुरतंय. माणूस फारच साळसूद! त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नाही. उगाच सावध कशाला करायचं? चौथ्या दिवशी लिहून दिलं, प्रोग्रॅममध्ये दोष नाही, कुणीतरी हाताने बदल करत असावं. त्याच दिवशी त्यांचा गेटपास काढून घेतला.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला, आणि रिजेक्ट पुन्हा ओके! तेव्हा कुठे मी कोड उघडला. रिजेक्टच्या ओळीत एक शब्द होता, 'ट्रान्झियंट'. म्हणजे बाकी सगळं साठव, एवढं सोड. टेस्टिंगला दर वेळी कोरी सुरुवात हवी म्हणून तो मीच लावला होता आणि काढायला विसरले होते. फाइलमधून परत येताना रिजेक्टची जागा कोरी, आणि कोरी म्हणजे 'नाही'. पार्ट ओके. सकाळी लाइन रिकामीच सुरू व्हायची, त्यामुळे आधीच्या शिफ्टचे पार्ट फक्त दुपारच्या माणसाच्या वाट्याला यायचे.

मी चूक लेखी कबूल केली. कंपनीने काकांना परत बोलावलं. लाज वाटत होती, तरी मी मोशीला त्यांच्या घरी गेले.

"काका, चूक माझी होती."

"व्हय, फोन आला व्हता," ते म्हणाले. "पर ताई, तीन दिस तुमी मागं हुब्या व्हता. येकदा इचारायचं तरी! शिफ्ट चालू केली की पडद्यावर सकाळचं लाल दिसतच न्हाई, हे मीच सांगितलं असतं."

त्यांनी आतल्या खोलीतल्या मुलीला हाक मारली. कॉलेजातली मुलगी दारात येऊन उभी राहिली. "हिनं मला दोनदा इचारलं, बाबा, खरंच न्हाई ना केलं? आता हिला तुमीच सांगा."

मी सगळं सांगितलं, अगदी त्या एका शब्दासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "हे असं बोलायला तुम्हाला बाबांनी बोलावलं का?"