दुपारी उगवणारे साडभाऊ

माझ्या साडभाऊंची, म्हणजे थोरल्या साडूंची, बैलजोडी मी शंकरपटाच्या सकाळच्या फेरीत लावली. त्या शर्यतीच्या पंचांत मी होतो, आणि आपण पहाटे टुणटुणीत असतो म्हणजे सारं जगच असतं, अशी माझी ठाम समजूत होती.

वास्तविक नागभीडपासून सिरोंच्यापर्यंत, अख्ख्या चांदा जिल्ह्यात सूर्याचा एवढा अनादर करणारा दुसरा माणूस नव्हता. सकाळी साडभाऊ उठत, पण जागे होत नसत. एकदा दातवण समजून विडी चावत गोठ्याशी उभे होते आणि बैलाला अदबीनं म्हणाले, "रामराम पाटील!" मात्र दुपारचा भात पोटात गेला, की हेच गृहस्थ असे पेटत, की बाकीचा गाव पेंगत असताना एकटे शेताचे बांध, धुऱ्यामागून धुरा, घालून काढत. दवाखान्यातले डॉक्टर त्यांना म्हणाले होते, शरीरातल्या ग्रंथींचे रस ज्याच्या त्याच्या वेळेला पाझरतात. ते साडभाऊंना फार आवडलं. "माह्या ग्रंथी जेवल्याबिगर कामावर येत नाईत, भाऊ!"

यंदा मात्र माझ्या थोरल्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावलं होतं, "पट हरले तर जोडी बाजारात. बैलायच्या चाऱ्याले तनीस पुरून नाई राह्यली." म्हणून तर मी मोठ्या मायेनं त्यांना सकाळची गार वेळ दिली, वर लोटाभर कडक चहा पाजला.

झेंडा पडला. शेजारची जोडी धुरळा उडवत गेली. आमचे बैल उभ्या उभ्या रवंथ करत राहिले. वर्षानुवर्षं दुपारीच जुंपल्यामुळे तेही धन्याच्या वळणावर गेले होते. छकड्यावर साडभाऊ घोरत होते.

बक्षिसं वाटली, लोक जेवायला पांगले. मग साडभाऊ जेवून हात पुसत आले, दोन्ही बैलांच्या मानेला कपाळ टेकवलं आणि ओसाड पटावर छकडा सोडला. तशी धाव मी पुन्हा कुठल्या पटात पाहिली नाही. पाहायला होतो मी आणि मेहुणी. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. धूळ गेली म्हणाल्या.

"बाई, मग... जोडी बाजारात न्यायची का?" मी चाचरत विचारलं.

"कायले विकू?" त्या फणकारल्या. "बैल दुपारी तरी जागे होतेत. तुमी कोंबड्याच्या आधी उठता, पन तुमच्या अकलेले कोन उठवन?"