छागळीचा आकडा

शिरोली नाक्याजवळचा हा मिस्त्री ट्रकची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ठोकून ऐकल्याशिवाय कापत नाही. हातोडी मारतो, कान लावतो, "व्हय, दम हाय अजून" म्हणून स्वतःशीच मान हलवतो. खिशात टेप असतो, पण विश्वास दोरीवर. दहा वर्षं त्याच्याकडं जातोय, तरी मी अजून "पावणं"च.

यंदा वडिलांचा जुना ट्रक चार फूट लांब करायला दिला. कापायच्या जागेच्या जरा मागं एक लोखंडी आकडा होता. वडील त्याला पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागळ टांगायचे.

"तो उडवून टाका, मिस्त्री. आता बाटल्या असतात."

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आठवड्यानं गाडी न्यायला गेलो. मध्ये जोडलेला नवा तुकडा दोरी लावल्यासारखा सरळ होता. आणि आकडा जुन्या जागेवरून काढून पुढं, केबिनजवळ वेल्डिंग केलेला.

"हे कशाला?" मी वैतागलोच.

"चार फूट मागं गेलता की! म्हाताऱ्यानं पाण्यासाठी एवढं चालायचं व्हय, पावणं?"

वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली. मातीला हा मिस्त्री आला होता.

घरी माळ्यावरची छागळ काढली, भरली आणि आकड्याला अडकवली. कापड जुनं, मलकापूरला पोचेपर्यंत सगळं पाणी गळून गेलं. तरी उतरल्यावर माझा हात आधी तिकडंच गेला.