चोच जाड की बारीक

बाळांनो, परवा तुम्ही खिडकीवरच्या चपट्या, पट्टेरी किड्याचा फोटो पाठवून विचारलंत, "आजी, हा कोण?" मला काही त्याचं नाव सांगता येणार नाही. साऱ्या बोरीवलीत ते छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आता नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे आजोबा माणसांपेक्षा ढेकणांना जास्त ओळखत. अंथरुणातले ढेकूण नव्हेत. झाडावरचे, ढालीसारख्या पाठीचे, हात लावला की कुजक्या कोथिंबिरीसारखा वास सोडणारे. "मोठा ढेकूण काय, कोणीही ओळखेल. पिल्लू ओळखून दाखवा!" म्हणायचे. हे पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी नवेच ठिपके घेऊन बाहेर येतं. आजोबा भिंग लावून त्याचे खांदे बघत. पंखांच्या कळ्या दिसल्या तर पिल्लू मोठं होत आलेलं, नाहीतर अजून लहान. टाकलेल्या काती ते टेबलाच्या काचेवर मांडून ठेवत. त्यांच्याकडे चहा घेताना त्या पोकळ, पारदर्शक काती पाय रोवून आपल्याच कपाकडे निघाल्यात असं वाटे. माणसांनाही तोच न्याय. तुमची आई कॉलेजात असताना जिन्यात तिला क्षणभर निरखून मला म्हणाले, "वहिनी, ही शेवटची कात. आता उडणार." मी हसले. वर्षाच्या आत ती विमानात बसली.

त्यांची बायको गेली तेव्हा तिने ड्रममध्ये लावलेलं लिंबाचं झाड तेवढं मागे राहिलं. सुरवंटांनी त्याची चाळण केली होती. वर्षश्राद्धाच्या दुपारी मी खाली गेले, तर आजोबा पानासमोर स्टूल टाकून बसलेले. भिंग माझ्या हातात दिलं. पानाखाली ढेकणांची, इवल्या रांजणांसारखी अंडी दाटीने चिकटवलेली, आणि प्रत्येकातून दोन लाल डोळे आणि मधे एक काळा त्रिकोण. ते सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते. अंगावर सरसरून काटा आला.

"अहो भाऊजी, पुसून टाका ते!"

"थांबा हो. काही जातींची पिल्लं सुरवंट खातात, काहींची झाडाचा रस पितात. एकदा कात टाकू दे, मग तोंडाची नळी, म्हणजे चोच बघू. जाड असली तर शिकारी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आजच नेमकी दिसली मला. हिनेच राखणदार पाठवलेत."

अंडी फुटून पिल्लं बाहेर आली आणि रिकाम्या कवचांभोवती डोकी लावून बसली. मयताभोवती बसावं तशी, न हलता, दिवसच्या दिवस. आजोबाही त्यांच्यासमोर तसेच. पिल्लांनी कात टाकली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण कबूल कोण करतंय! "तुम्हीच सांगा वहिनी. जाड की बारीक?"

बारीक होती. केसासारखी, आणि पानात रुतलेली. मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

"जाड," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करायला सलूनमध्ये गेले. तेवढ्यात मी एकेक पिल्लू चिमटीने उचलून साबणाच्या पाण्यात टाकलं. परत आल्यावर त्यांनी पानं उलटीसुलटी करून चाचपली.

"पिल्लं कुठायत?"

"उडून गेली वाटतं."

त्यांनी हातातलं पान सोडलं. घरात पंखा घरघरत होता.

"वहिनी, एवढ्याशा पिल्लाला पंख नसतात."

मी हात पदराआड नेला. वास कुठे लपतोय?

"बारीक होती ना चोच?"

"हो."

मला वाटलं, आता ते रडणार. पण त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "मग तिने तुम्हाला पाठवलंय."

त्या दिवसापासून त्या झाडावरचे सुरवंट मी वेचायला लागले. रोज सकाळी, चहाच्या आधी. ते शेजारी बसून, दिसत नसतानाही, "तिकडे एक राहिला" म्हणायचे, आणि खरंच राहिलेला असायचा.

ते गेले त्याला सहा महिने झाले. ड्रम मी वर गॅलरीत आणवला आहे. झाड जगलंय.